राखणदारीण उंच असते

सातिवलीला प्लास्टिकचे डबे बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी डिस्पॅचचं काम बघते. कोणत्या टेम्पोत किती खोकी चढली, कोणती राहिली, एवढंच. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका गप्पा मारतात, आणि मी खोक्यांच्या थप्पीला पाठ टेकून वाचत बसते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं ते या वाचनापायीच घडलं.

मी वाचते त्या जादूच्या गोष्टी. नसलेले देश, त्यांचे नकाशे, बोलणारे पक्षी, शाप. चाळिशी उलटलेली, दोन मुलांची आई असलेली बाई असलं काही वाचते याचं लोकांना नवल वाटतं. वाटू दे. त्यातही चार भागांची एक मराठी कादंबरी मी नऊ वेळा वाचली आहे. तिचं नाव सांगत नाही, कारण एकाचं नाव निघालं की मग ज्यांची सांगायची नाहीत त्यांचीही निघतात. समुद्राच्या पातळीखाली वसलेल्या एका शहराची ती गोष्ट आहे. शहराभोवती तट, तटात एकच दार, आणि त्या दारावर एक बाई. सगळे तिला राखणदारीण म्हणतात. भरतीच्या वेळी दार उघडलं तर शहर बुडणार, म्हणून ते कधी उघडायचं आणि कधी नाही हे तिने ठरवायचं.

फोनवर या कादंबरीच्या वाचकांचा एक ग्रुप आहे. मी त्यात बरीच वर्षं आहे. तटाला पायऱ्या किती, कोणता शाप आधी फिटला, यावर तिथे दिवसचे दिवस भांडणं चालतात. पण खरी जुंपते ती चेहऱ्यांवरून. एखाद्या पुस्तकावरून सिनेमा किंवा मालिका निघतेय अशी नुसती बातमी आली की सुरू: हा शोभत नाही, ती तशी नाहीच, पुस्तकाची वाट लावली. मीही त्यातलीच. दोन वर्षांपूर्वी अशाच एका दुसऱ्या पुस्तकावर मालिका आली तेव्हा तिच्या नायिकेवर मी लांबलचक लिहिलं होतं. तिची हनुवटी, तिचे डोळे, तिचं चालणं, काहीच सोडलं नव्हतं. शेवटी लिहिलं होतं, ‘हिला घेणाऱ्याने पुस्तक उघडूनसुद्धा पाहिलेलं नाही.’ खूप जणांनी शाबासकीचे अंगठे टाकले. मला वाटलं होतं, आपण पुस्तकाची राखण केली.

मग आमच्या वसईतल्याच एका हौशी नाट्यमंडळीने त्या कादंबरीच्या चौथ्या भागाचं नाटक करायचं ठरवलं. मंडळीचे दिग्दर्शक मराठीचे निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना सर म्हणतात. लेखकाची रीतसर परवानगी त्यांनी मिळवली होती. माणिकपूरच्या वाचनालयात त्यांना कोणीतरी सांगितलं, की एका बाईंना ते पुस्तक पाठ आहे. त्यांनी मला फोन केला.

“तुम्ही फक्त बसा आमच्याजवळ,” ते म्हणाले. “आम्ही कापताना चुकलो तर ओरडा.”

कामावरून सुटले की मी माणिकपूरला उतरायचे आणि चर्चच्या मागच्या हॉलमध्ये तालमीला जायचे. नऊशे पानांचं दोन तासांत बसवायचं होतं. सर कापायचे, मी ओरडायचे. कधी ते ऐकायचे, कधी नाही. राखणदारिणीचे संवाद बरोबर उतरलेत का हे बघायला ते मला मोठ्याने वाचायला लावायचे. आठवडाभराने एका संध्याकाळी त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, “राखणदारीण तुम्हीच करा.”

मला हसूच आलं. “मी? सर, ती उंच आहे. केतकी रंगाची आहे. गुडघ्यापर्यंत पांढरे केस आहेत तिचे.”

“पुस्तकात ती उंच आहे असं किती वेळा लिहिलंय?”

मी आठवून सांगितलं, “तीन वेळा.”

“आणि दार उघडायला ती नाही म्हणते, ते किती वेळा?”

“तो तर अख्खा चौथा भागच आहे.”

“झालं तर मग,” असं म्हणून ते चहा सांगायला गेले.

मी कधी शाळेच्या गॅदरिंगलासुद्धा उभी राहिले नव्हते. चार दिवस मी नाही नाहीच म्हणत होते. पण खरं सांगू? नाही म्हणताना आतून मला फार हवं होतं ते.

पोस्टर निघालं. फोटोत मी राखाडी शाल पांघरून, हातात दाराचा अडसर घेऊन उभी. फोटोवाल्याने काही लपवलं नव्हतं. मी आहे तशीच दिसत होते: बुटकी, रुंद खांद्यांची, सावळ्याच्याही पलीकडच्या रंगाची. कोणीतरी ते पोस्टर वाचकांच्या ग्रुपवर टाकलं. मी ग्रुपवर आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं, कारण तिथे माझं टोपणनाव आहे आणि फोटोच्या जागी दिव्याचं चित्र.

पहिल्याने लिहिलं, ‘ही राखणदारीण आहे की अडसर?’ दुसऱ्याने लिहिलं, ‘गावाकडची नाटकं अशीच असतात.’ विरारच्या एका पोराने लिहिलं, ‘राखणदारीण म्हणायचं की मासळीबाजार?’ त्यावर हसरे चेहरे येतच राहिले. एका बाईने मात्र अगदी सभ्यपणे लिहिलं होतं, ‘कलाकार म्हणून त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही, पण वर्णन स्पष्ट आहे. दुसरा भाग, तिसरं प्रकरण.’ बाकीच्यांचं जाऊ दे, पण हिला मी काय उत्तर देणार? तिसरं प्रकरण मला शब्दन् शब्द पाठ होतं. ती बरोबर होती. माझ्या स्वतःच्या डोक्यातली राखणदारीणसुद्धा माझ्यासारखी दिसत नव्हती.

आणि मासळीबाजार. माझं माहेर किनाऱ्यावरच्या पाचूबंदरचं. आई वीस वर्षं टोपली घेऊन बाजारात बसली, तेव्हा आम्ही भावंडं शिकलो. तो शब्द वाचून मला राग यायला हवा होता. पण आधी लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून मग राग आला, तो स्वतःचाच.

माझा नवरा पुस्तकं वाचत नाही. तो ओट्याशी उभा राहून कोथिंबीर निवडत होता. माझं तोंड बघून म्हणाला, “काय झालं?” मी फोन त्याच्या हातात दिला. त्याने सगळं सावकाश, वरपासून खालपर्यंत वाचलं.

“हे सगळे नाटक बघून आलेत का?”

“नाटक अजून झालंच नाही.”

“मग?” असं म्हणून त्याने फोन परत दिला आणि पुन्हा कोथिंबीर घेतली.

त्या ‘मग’वरून मला आठवलं. मी शोधत शोधत दोन वर्षांपूर्वीचं माझं ते लिखाण काढलं. तसंच होतं, अंगठ्यांसकट. ज्या दिवशी मी ते लिहिलं त्या दिवशी त्या मालिकेचं फक्त पोस्टर आलं होतं. मालिका मी पुढे कधी पाहिलीच नाही. त्या मुलीनेही कुठेतरी बसून ते वाचलं असेल. कदाचित अशीच ओट्याशी. खोडून टाकावंसं वाटलं, पण खोडलं नाही. त्याच्याच खाली लिहिलं, ‘हे मी मालिका न बघता लिहिलं होतं. चुकलं.’ दुसऱ्या दिवशी मी तालमीला गेले.

खरी अडचण पुढे आली. प्रयोगाला तीन आठवडे राहिले असताना सरांनी शेवटच्या प्रवेशाचे नवे कागद वाटले. कादंबरीत काय होतं, तर भरती चढत असताना राखणदारिणीची धाकटी बहीण बाहेरून होडीने येते आणि दार ठोठावते. राखणदारीण दार उघडत नाही. ती रडत नाही, हाका मारत नाही. अडसरावर हात ठेवून लाटा मोजत राहते. शंभर लाटांनंतर पाणी उतरतं, मग ती दार उघडते. बाहेर फक्त एक वल्हं तरंगत असतं. नव्या कागदांत ती गुडघ्यांवर कोसळत होती, टाहो फोडत होती, बहिणीची क्षमा मागत होती, आणि शेवटी क्षणभर दार किलकिलं करत होती.

मी कागद खाली ठेवले. “सर, हे ती करणार नाही.”

“मला कळतंय,” सर म्हणाले. “पण ग्रुपवर काय चाललंय ते मी वाचलंय. लोक आधीच नाराज होऊन येणार. त्यात ती अशी कठोर वागली तर कोणालाच आवडणार नाही. प्रेक्षकाला ती आवडायला हवी.”

“माझा रंग वेगळा आहे, उंची वेगळी आहे, ते तुम्ही चालवून घेतलंत. मीही घेतलं. पण हे बदललं तर ती तीच राहत नाही.”

“बहीण मरतेय आणि बाई नुसती उभी राहते, हे रंगमंचावर खोटं वाटतं. अशी माणसं असतात का?”

“असतात,” मी म्हटलं, आणि मग जे कधी कोणाला सांगितलं नव्हतं ते मला सांगावं लागलं.

मी सात वर्षांची होते. वडील मासेमारीला गेले होते आणि अवकाळी वादळ झालं. बाकीच्या बोटी परतल्या, वडिलांची आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी माझे दोन काका आणि शेजारचे एक जण लहान होडी घेऊन शोधायला निघाले. समुद्र तेव्हाही उसळत होता. ते होडी ढकलू लागले आणि माझी आई मला कडेवर घेऊन पाण्यातून चालत गेली आणि होडीत चढून बसली. मला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, “पानी बसल्याशिवाय कोनी जायचं नाय. जायचं असंल तर आधी हिला न् मला उतरवा.”

काका ओरडले. आजी तिला वाट्टेल ते बोलली. नवरा बाहेर आहे आणि ही दगडासारखी बसलीय, असं किनाऱ्यावरच्या बायका म्हणाल्या. आईने कोणालाही उत्तर दिलं नाही. रडली नाही. होडीच्या फळीला चिकटलेले माशांचे सुके खवले नखाने खरवडत ती संध्याकाळपर्यंत बसून राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटत होतं, हिला पप्पा नकोच आहेत.

तिसऱ्या दिवशी अर्नाळ्याच्या एका बोटीने वडिलांची बोट ओढून आणली. इंजिन बंद पडलं होतं, बाकी सगळे सुखरूप. ती लहान होडी गेली असती तर काय झालं असतं, हे मला माहीत नाही. पण त्या दुपारचं पाणी मी पाहिलेलं आहे. आईला पुढे बरीच वर्षं लोक दगडाच्या काळजाची म्हणत राहिले. तिने कधी कोणाला काही समजावलं नाही. तिला जाऊन आता आठ वर्षं झाली.

बोलून झाल्यावरही माझं लक्ष माझ्याच बोलण्याकडे होतं. नऊ वेळा वाचलेल्या पुस्तकातली ती बाई मला सगळ्यांत जवळची का वाटते, हे मला त्या संध्याकाळपर्यंत कळलं नव्हतं. नकाशे आवडतात, शाप आवडतात, असंच मी समजत होते.

सरांनी नवे कागद गोळा केले, सगळ्यांकडून, एकेक करून. मग मला म्हणाले, “तुमच्या आई काय म्हणाल्या, ते परत म्हणून दाखवा.”

मी म्हटलं.

“दारासमोर हेच म्हणा. असंच. ण नको.”

आता माझ्यावर पाळी आली. कॉलेजात ‘पानी’ म्हटलं म्हणून मला हसले होते. ‘पाणी’, ‘लोणी’, ‘कोण’, ‘आणि’ म्हणत आरशासमोर उभं राहून मी ण घोटला होता. कारखान्यात, मुलांच्या शाळेत कोणाला कळूसुद्धा नये इतकी मी शुद्ध बोलते. आणि पुस्तकातलं वाक्य तर भारदस्त आहे, ‘जोवर ओहोटी लागत नाही तोवर हे द्वार उघडणार नाही.’ एक बदल नको म्हणून भांडणारी मी दुसरा बदल कसा करू? दोन दिवस मी यावर डोकं फोडलं. अजूनही नीट उत्तर देता येत नाही. एवढंच सांगते, सरांच्या बदलाने ती बाई दुसरीच कोणीतरी झाली असती. या बदलाने ती तीच राहिली, फक्त आमच्या किनाऱ्यावर येऊन उभी राहिली. मी हो म्हटलं.

प्रयोग रविवारी दुपारी चार वाजता होता, एका शाळेच्या सभागृहात. सकाळी चर्चमध्ये मिस्सेला गेले, पण फादरांचा एक शब्द कानात शिरला नाही. सभागृह भरलं. माझे भाऊ, वहिन्या, पाचूबंदरच्या सात-आठ बायका डोक्यात अबोली माळून पुढे बसल्या होत्या. कारखान्यातली माणसं दोन रांगा धरून होती. अडसर आमच्याच फिटरने जुन्या पाइपचा बनवून दिला होता, आणि तो शेजाऱ्यांना तेच सांगत होता. मागच्या बाजूला कादंबरी मांडीवर घेऊन बसलेले वाचक. ते लगेच ओळखू येतात.

मी पहिल्यांदा रंगमंचावर आले तेव्हा मागून कोणीतरी हसलं. कुजबुज झाली. पहिली दोन वाक्यं चुकले. तिसऱ्यापासून सावरलं.

शेवटच्या प्रवेशात बहिणीचं काम करणारी मुलगी प्लायवूडच्या दारावर पलीकडून धडका देऊ लागली. मी अडसरावर दोन्ही हात ठेवले. “पानी बसल्याशिवाय हे दार उघडनार नाय,” मी म्हटलं. पुढच्या रांगेतल्या बायका एकदम ताठ झाल्या. त्यांची बोली त्यांनी आजवर रंगमंचावर ऐकली होती ती फक्त विनोदासाठी.

मग मी लाटा मोजायला लागले. सरांनी शंभराच्या तीस केल्या होत्या. एक. दोन. तीन. पलीकडून ती मुलगी हाका मारत होती. बाराच्या सुमाराला माझं लक्ष मागच्या रांगांकडे गेलं. ज्यांच्या मांडीवर पुस्तकं होती त्यांचे ओठ हलत होते. ते माझ्याबरोबर मोजत होते. विसाला त्यांचा हलका आवाज यायला लागला. पंचविसाला पुढच्या बायकाही मोजू लागल्या, ज्यांनी ते पुस्तक कधी पाहिलंही नव्हतं. मी रडले नाही. राखणदारीण रडत नाही. तिसाव्या लाटेला हाका थांबल्या, मी अडसर काढला, दार उघडलं. बाहेर एक वल्हं होतं.

टाळ्या आल्या तेव्हाही माझा हात अडसरावरच होता.

नंतर पडद्यामागे भेटायला लोक आले. पाचूबंदरच्या एका म्हातारीने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, “तुझी आय बसली होती होरीत, मी बी नाय नाय ते बोललेले तिला.” एवढं बोलून ती निघून गेली. त्या एका वाक्याने मला इतका अभिमान वाटला, की त्यानंतर कोणी काय म्हणालं ते मला नीट आठवत नाही. एवढ्या वर्षांनी आईचं बरोबर होतं हे कोणीतरी कबूल केलं होतं, आणि ते कबूल करायला माझ्यामुळे जागा मिळाली होती.

सगळे पांगल्यावर वीस-एकवीस वर्षांचा एक मुलगा दाराशी घुटमळत उभा होता. हातात चौथा भाग, पानं सुटलेली. “मॅडम, मी विरारला राहतो,” तो म्हणाला. “ते मासळीबाजार... ते मी लिहिलं होतं.”

“माझी आई बसायची मासळीबाजारात,” मी म्हटलं. “वीस वर्षं. त्यात खोटं काही नाही लिहिलंस.”

त्याचा चेहरा लाल झाला. “सॉरी. मी ते डिलीट करतो.”

“तुझं तू बघ.”

तरी तो जाईना. “एक सांगू? दाराचा सीन तुम्ही बदलणार असं ऐकलं होतं. मी उठून जायचं ठरवूनच आलो होतो. नाही बदललात.” मग प्रामाणिकपणे म्हणाला, “पण खरं सांगतो, राखणदारीण माझ्या डोक्यात अजून उंचच आहे.”

“माझ्याही,” मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही हसलो. मग त्याने पुस्तक पुढे केलं. त्यात मी सही करावी असं त्याला वाटत होतं. पुस्तक काही मी लिहिलेलं नव्हतं, म्हणून लेखकाच्या पानावर नको म्हटलं. चौथ्या भागात दार येतं ते पान काढलं आणि तिथे समासात माझं नाव लिहिलं.

बाहेर अजून उजेड होता. नवऱ्याने रिक्षा थांबवली. चेहऱ्यावरची रंगरंगोटी मी अर्धवटच पुसली होती. रिक्षावाला आरशातून पुन्हा पुन्हा बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

“नाटकबिटक होतं काय, ताई?”

नवरा उत्तर द्यायला निघाला होता, पण मी त्याच्या आधी बोलले.

“हो,” मी म्हटलं. “मोठं काम होतं माझं.”